हललेला फोटो

बटण दाबलं तसा पडद्यावरचा गुलाबी बोगदा हिरवट-निळा झाला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. दुपारचे पावणेदोन वाजले होते. दिवसातली ही पाचवी आणि शेवटची कोलोनोस्कोपी, स्कोपची लांब नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी. खोलीत नेहमीचेच आवाज होते: नाडीच्या यंत्राची एकसुरी टिकटिक, पाणी ओढून घेणाऱ्या नळीची खरखर, दाराबाहेर कुठल्यातरी ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक. टेबलावर डाव्या कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन सिस्टर गुंगीत झोपल्या होत्या. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण या विभागात नुसतं 'सिस्टर' म्हटलं की त्याच. स्कोप डॉक्टर म्हणून तिच्या हातात होता; आतड्याच्या टोकापर्यंत जाऊन ती आता सावकाश मागे येत होती. बघायचं ते परत येतानाच बघायचं असतं. उजव्या बाजूच्या आतड्यात एका घडीमागे तिने स्कोपचं टोक वळवलं, घडी जराशी दाबली, आणि तिला काही दिसलं असं नाही, उलट काहीतरी दिसेनासं झालं. निरोगी आतड्याच्या भिंतीवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते, पानाच्या शिरांसारखी. ती जाळी एका जागी येऊन संपत होती आणि थोडं पुढे पुन्हा सुरू होत होती. मधे नुसता फिकटपणा, काचेवर कोणी श्वास सोडावा तसा. म्हणून तिने बटण दाबलं. बटण दाबलं की पांढऱ्या उजेडातला तांबडा भाग निघून जातो, निळा आणि हिरवा तेवढा उरतो. रक्त हे दोन्ही रंग गिळतं, त्यामुळे जिथे बारीक वाहिन्या दाटल्या असतील तिथे तपकिरी डाग उमटतो. तो उमटला. अंगठ्याच्या नखाहून मोठा, भिंतीला चिकटलेल्या ओल्या कागदासारखा सपाट, कडा अगदी स्पष्ट.

शेजारी धाकटी डॉक्टर उभी होती. दोन वर्षांपूर्वी ती विभागात आली तेव्हापासून सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती पुढे वाकली आणि म्हणाली, पोपट गप्पच आहे की. पोपट म्हणजे पडद्याला नवीन जोडलेली पेटी, जी संशयास्पद जागेभोवती हिरवा चौकोन काढते आणि चिवचिवते. बुडबुडा दिसला तरी चिवचिवते, म्हणून ते नाव. आत्ता पेटी खरोखरच गप्प होती. तिने स्कोप चट्ट्याजवळ नेला. चिमटा उघडून चट्ट्याचं माप घेतलं, भिंग लावून जवळून पृष्ठभाग पाहिला. नक्षी शाबूत होती, रेषा जाड झाल्या होत्या पण कुठे मोडल्या, विस्कटल्या नव्हत्या. म्हणजे चट्टा बहुधा वरच्या थरातच होता, स्कोपमधूनच काढता येण्यासारखा. तुकडा काढून तपासायला पाठवायचा मोह तिने टाळला. तुकडा काढलेल्या जागी व्रण धरतो आणि नंतर अख्खा चट्टा सोलून निघत नाही. तिने फोटो काढले, जागा धुतली, बाकीचं आतडं डोळ्यात तेल घालून पाहिलं आणि स्कोप बाहेर घेतला. सगळं बिनचूक केलं. हातमोजे काढताना मात्र तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात आकडेमोड करतोय, आणि ती थांबत नाहीये. असे चट्टे सावकाश वाढतात. एवढा व्हायला पाच वर्षं लागतात, सात लागतात, कधी दहाही. आणि सिस्टरांची याआधीची तपासणी तीन वर्षांपूर्वीची होती. ती तिनेच केली होती.

फोटो बघायच्या छोट्या खोलीत तिने दार लोटून घेतलं आणि जुना रिपोर्ट उघडला. आतडं उत्तम साफ. शेवटच्या टोकापर्यंत पोचलो. परत यायला लागलेली वेळ अकरा मिनिटं. सहा मिनिटं लागली तरी पुरेशी धरतात; अकरा म्हणजे कोणीही नावं ठेवू नयेत अशी. दोष काही नाही, पाच वर्षांनी पुन्हा या. खाली तिची सही, तीच जी ती दिवसातून वीसदा करते. मग चौदा फोटो. एक ते आठ भराभर गेले. नववा उजव्या बाजूचा होता आणि जरासा हललेला होता, चालत्या गाडीतून काढल्यासारखा. खालच्या डाव्या कोपऱ्यात, घडीच्या कडेपाशी, जाळी येत होती, थांबत होती, आणि पुढे पुन्हा सुरू होत होती. तिने तो भाग मोठा केला, मग लहान केला, मग नुसती बसून राहिली. दार ढकलून धाकटी आत डोकावली. ती आजचा रिपोर्ट लिहीत होती. मागच्या तपासणीत इथे काही नव्हतं ना, असं तिने विचारलं, सहज, रकाना भरायचा म्हणून. खुर्चीतून न उठता ती म्हणाली, नव्हतं. हाताने तोवर पडदा बंदही केला होता. धाकटी गेली. शब्द तोंडातून इतका सहज गेला की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

फोटो का हलला होता, हे तिला आठवत होतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं. तीन वर्षांपूर्वी सिस्टर तपासणीला आल्या त्या त्यांचा भाऊ याच आजाराने गेला म्हणून, आणि आल्या आल्या त्यांनी गुंगीचं इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांची आतडी बघितली, आता माझं तरी मला बघू दे की, असं म्हणून त्यांनी उशी अशी सरकवली की मान न वळवता पडदा दिसेल. मग तपासणी कसली, बैठकच जमली. टोकापर्यंत जाईतो त्या मधूनमधून कण्हल्या, पण परत यायला सुरुवात झाली तशा खुलल्या. थोरल्या डॉक्टरांच्या शर्टाची गोष्ट त्यांनीच काढली. थोरले डॉक्टर म्हणजे विभागाचे त्या वेळचे प्रमुख, कडक इस्त्रीचे, दारातून आत येताना अंगाला भिंत लागू नये म्हणून तिरके होणारे. एक दिवस त्यांना कुठल्यातरी मोठ्या सभेत भाषण करायचं होतं, म्हणून नवा पांढरा शर्ट घालून आले, आणि जाता जाता एक तपासणी उरकू म्हणाले. त्या काळी असं बटण नव्हतं. सपाट चट्टा दिसावा म्हणून निळा रंग फवारावा लागे. सिस्टरांनी सिरिंजमध्ये रंग भरला, नळीला लावला, जोर केला, आणि नळी निसटली. डॉक्टर डोळा स्कोपला लावून बसलेले. त्यांना वाटलं फवारा आत गेला, म्हणून ते म्हणत राहिले, काही दिसत नाही, सिस्टर, अजून मारा. आणि सिस्टरांनी, घाबरून, अजून मारला. हे आठवून सिस्टर टेबलावर हसायला लागल्या. हसताना पोट हलतं, पोट हललं की आतलं सगळं हलतं. घड्या इकडून तिकडे झुलायला लागल्या, आणि तीही हसत होती, डोळ्यांत पाणी येईतो, स्कोप धरलेल्या हाताने नाही पण बाकी सगळ्या अंगाने. अहो हलू नका, फोटो हलतोय, असं काहीतरी तिने म्हटलं असणार. नववा फोटो तेव्हाचा. त्या फोटोत ते हसणं अजून होतं.

संध्याकाळपर्यंत सिस्टरांना झोपवलेल्या खोलीकडे जायचं तिने टाळलं असतं, पण टाळता येण्यासारखं नव्हतं. सिस्टर उठून बसल्या होत्या, त्यांची भाची त्यांच्या चपला शोधत पलंगाखाली वाकली होती. तिने सांगितलं, एक चट्टा आहे, सपाट, वरवरचा वाटतो, पुढच्या आठवड्यात स्कोपमधूनच काढून टाकू, तुमचं रक्त कमी झालं म्हणून ही तपासणी केली, तेही बहुधा त्याच्यामुळेच. भाचीचा जीव भांड्यात पडला. सिस्टरांनी पलंगाशी उभ्या असलेल्या तिच्या मनगटावर हात ठेवला आणि गुंगीने जड झालेल्या जिभेने म्हणाल्या, "बरं झालं गं, लवकर सापडलं." ती नुसती हसली. हात मनगटावर तसाच होता, कोरडा, हलका. आता त्याची नखं स्वच्छ होती.

त्या नखांना स्वच्छ बघायची सवय तिच्या डोळ्यांना कधी झालीच नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती या विभागात शिकायला आली तेव्हा विभाग म्हणजे चादरींच्या कोठाराला लागून असलेली एक लांबट खोली होती, आणि खिडकीच्या काचा काळ्या रंगाने रंगवलेल्या होत्या. पडदा नव्हता. स्कोपच्या टोकाला भिंग, त्याला डॉक्टरांचा एक डोळा. शिकणाऱ्यासाठी बाजूला एक दुसरं भिंग जोडता यायचं, आणि त्यात बघणारा दुसरा माणूस तेच बघायचा जे पहिला बघतोय. खोलीतल्या बाकी कोणाला काही दिसायचं नाही. ती यायच्या आधी ते दुसरं भिंग सिस्टरांचं होतं. पहिल्या दिवशी थोरल्या डॉक्टरांनी तिला त्याच्याकडे बोट दाखवलं आणि सिस्टर एक पाऊल बाजूला झाल्या, इतक्या सहज की आपण कोणाची जागा घेतली हे तिला कित्येक महिने कळलं नाही. स्कोप जुना होता, आतले काचेचे तंतू तुटलेले. एकेक तुटला की चित्रात एकेक काळा ठिपका वाढायचा. तिने कितीदा त्या ठिपक्यांना रोग समजून आवाज दिला असेल. सिस्टर न बघता सांगायच्या, घड्याळात सातावर आहे का, तो ठिपका आहे, मागच्या पावसाळ्यापासूनचा. खोलीला साबणाचा, रबराचा आणि रंगाचा असा मिळून एक वास होता. उन्हाळ्यात पंखा लावता यायचा नाही, कारण पंख्याच्या वाऱ्याने चादर उडायची आणि रोगी लाजायचे. त्या अंधारात, गालाला गाल लागेल इतक्या जवळ बसून, तिघांनी आयुष्यातली किती वर्षं काढली. घरी नवऱ्याला ती सांगायची, आज एक फार सुंदर आतडं पाहिलं, आणि तो हातातला घास खाली ठेवायचा.

रंगाचं गणित सिस्टरांनी शिकवलं. एका दुपारी रोगी यायला उशीर होता, तर त्यांनी स्वतःचा तळहात पुढे केला, त्यावर पातळ केलेला निळा रंग चार थेंब ओतला आणि हात तिरका धरला. रंग ओघळला आणि रेषांमध्ये भरून राहिला. एरवी दिसतही नव्हत्या अशा शेकडो बारीक रेषा एकदम वर आल्या. बघ, डोळ्याला सपाट वाटतं ते काही सपाट नसतं, त्या म्हणाल्या. मग तोच हात तिच्या नाकाशी धरून म्हणाल्या, एवढं शिकलीस तर भविष्यही सांग, आयुष्यरेषा कुठवर गेलीये? रंग नखांच्या कडेला बसायचा आणि आठवडाभर निघायचा नाही. इस्पितळातले लोक त्यांना निळ्या सिस्टर म्हणायचे, भाजीवालाही म्हणायचा. त्यांचं लग्न का झालं नाही, यावर बायकांच्या खोलीत एक तर्क असाही होता की बघायला आलेल्यांना ती नखं दिसली असतील. त्यांनी तो तर्क स्वतःच पसरवला होता. पुढे पडदे आले, त्यांच्याबरोबर चित्र सगळ्या खोलीचं झालं. मग हे बटण आलं आणि रंगाच्या बाटल्या कपाटात मागे सरकत गेल्या. बटण तिला आवडत नव्हतं असं नाही. ते स्वच्छ होतं, झटपट होतं, पुन्हा दाबलं की जग पूर्ववत गुलाबी होत होतं. पण रंग घालायचा तर आधी थांबावं लागायचं. रंग भरायचा, नळी जोडायची, फवारायचं, ओघळू द्यायचं, जादा ओढून घ्यायचं. तेवढा वेळ डोळा एका जागी राहायचा, आणि चट्टे सापडायचे ते बहुधा त्या राहण्यामुळे. तीन वर्षांपूर्वीही यंत्रावर हे बटण होतंच. उजव्या बाजूच्या त्या घडीपाशी तिने ते दाबलं नव्हतं, कारण तेव्हा ती त्या खोलीत नव्हतीच. ती काळ्या काचांच्या खोलीत होती, शर्टावरून ओघळणारा निळा रंग बघत.

दोन दिवस ती हे सगळं बरोबर घेऊन हिंडली. कोणाला कळायचं काही कारण नव्हतं. रिपोर्ट निर्दोष होता, वेळ भरपूर होता, असे सपाट चट्टे चांगल्या चांगल्यांच्या नजरेतून सुटतात हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं होतं, ती स्वतः विद्यार्थ्यांना आकड्यांसकट सांगत असे. चट्टा काढता येणार होता. सांगून सिस्टरांना मिळणार काय होतं, वर आणखी एक दुखणं? हा विचार इतका शहाणा आणि दयाळू होता की तिला त्याचाच संशय यायला लागला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा रोगी टेबलावर गप्पिष्ट निघाला, नातवाच्या करामती सांगायला लागला, आणि ती त्याला म्हणाली, आजोबा, जरा दहा मिनिटं काही बोलू नका. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कठोर निघाला. म्हातारा ओशाळून गप्प झाला. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. एरवी याच खोलीत तिच्या गप्पांची ख्याती होती. रोगी तिच्याकडे यायचे ते तिच्या गप्पांत भीती विसरायला होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चौदाच्या चौदा फोटो छापून घेतले, कशावरही खूण केली नाही, आणि सिस्टरांकडे गेली.

सिस्टर दुसऱ्या मजल्यावर राहत. खिडकीपाशी बसून त्या पिशवीची मोडलेली चेन बसवत होत्या. शेजारी लोहाच्या गोळ्यांची पट्टी पडली होती. चहा टाकते म्हणून उठायला लागल्या तर तिने त्यांना बसवलं आणि फोटोंची चळत पुढे ठेवली. यात काय दिसतं सांगा, म्हणाली. परीक्षा घेतेस का माझी, असं म्हणत त्यांनी चष्मा बदलला. एकेक फोटो उजेडात धरायचा, थोडा तिरका करायचा, आणि डाव्या हाताला उलटा ठेवायचा, हे सगळं जुन्याच सवयीचं होतं. बरंच साफ ठेवलंय मी, म्हणून स्वतःची तारीफही झाली. नवव्यापाशी त्या थांबल्या. आधीचे आठ त्यांनी आणखी जरा दूर सरकवले, जागा करायला सरकवतात तसे.

"हा हललाय."

"तुम्ही हसत होतात."

"शर्टाचं?"

"हो."

त्यांनी पुन्हा पाहिलं. खालून कोणीतरी स्कूटर सुरू करायला लाथा मारत होतं, ती सुरू झाली, गेली. मग त्यांचं बोट हललं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकलं. "इथे जाळी तुटलीये," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात काही नव्हतं, हजारो अनोळखी माणसांबद्दल त्या हेच याच आवाजात म्हणाल्या होत्या. बोट तिथेच ठेवून त्यांनी फोटोच्या कडेची तारीख वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

तिने सांगायचं ते सगळं सांगितलं. बटण दाबलं नाही हे. त्या दिवशी लवकर सापडलं म्हणालात तेव्हा गप्प बसले हे. धाकटीला खोटं सांगितलं हे. मनात तिने याची बरीच वाक्यं जुळवली होती, पण बोलायला लागल्यावर ती चार-पाचच निघाली.

"पडद्याकडे तर मीही बघत होते," सिस्टर म्हणाल्या. तिचा श्वास किंचित मोकळा झाला, आणि तो मोकळा झालेला त्यांना दिसला असावा. "पण मी टेबलावर होते. टेबलावरच्या माणसाने हसावं, रडावं, काय वाटेल ते करावं. बघायचं काम तुझं होतं."

"हो."

"वर्षभर जिना चढताना दम लागतोय मला. मधे त्या वळणावर बसायला लागायचं. मी म्हणायचे, वय झालं." त्यांनी फोटो खाली ठेवला, उलटा नाही, सुलटा. "चांगली आठवण होती गं ती शर्टाची. वाया गेली."

तिला वाटलं आता त्या आपल्याला जायला सांगतील, आणि तसं झालं तर खाली उतरताना आपण त्या वळणावर बसू. पण सिस्टरांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली, चेन वरखाली करून बघितली आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, काढणार कोण? ती म्हणाली, मी, अर्थात, बुधवारीच, आणि यावेळी... सिस्टरांनी मान हलवली. नाही. धाकटीने काढायचं. धाकटीने असे तीस-चाळीसच काढलेत, असं ती म्हणाली; त्यावर सिस्टर म्हणाल्या की तूच शिकवलंस ना तिला, मग तुझ्या शिकवण्यावर तुझा भरोसा नाही का.

"सिस्टर, माझ्या हातावर भरोसा राहिला नाही, असं म्हणा ना सरळ."

"तुझा हात चांगला आहे. म्हणून तर सांगतेय. एकदा सुटलं की चांगला हात भरपाई करायला बघतो, कडेच्या बाहेरचंही ओढून कापतो. थोरल्या डॉक्टरांचं पाहिलंय मी, दोनदा, आणि दोन्ही वेळा रोग्याला फाटलेलं आतडं शिवायला वर ऑपरेशनला न्यावं लागलं. उजव्या बाजूची भिंत किती पातळ, ते मी सांगायचं तुला?"

"मग मी काय करू? बाहेर बसू?"

"बाहेर कशाला? माझ्या जुन्या जागी उभी राहा, हातात साहित्य द्यायला," सिस्टर म्हणाल्या. "आणि त्या पोरीला खरं सांग. काय कापतोय आणि कुणामुळे, ते तिला माहीत असू दे." मग त्या उठल्या आणि चहा टाकलाच. दोघींनी तो प्यायला, साखर विसरलेला, आणि दोघींपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

धाकटीला तिने त्याच दिवशी सांगितलं. धाकटीने नववा फोटो उघडला, मोठा केला, आणि बऱ्याच वेळाने, मान राखायला, म्हणाली की मलाही दिसलं नसतं. तुला दिसलं असतं, ती म्हणाली. मग दोघींनी मिळून रिपोर्ट दुरुस्त केला. मागच्या तपासणीत चट्टा होता, नजरेतून सुटला. वाक्य लहानसंच झालं. त्याखाली सही करताना तिने पेन उचललं आणि पहिल्यांदाच आपलं नाव अक्षर अक्षर नीट लिहिलं.

बुधवारी ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. खोली तीच होती, पण तिथून ती कधी पाहिलेली नव्हती. पडदा तिरका दिसत होता, दिव्याचा एक कवडसा मधोमध पडत होता, आणि साहित्याचा ट्रे इतका जवळ होता की कोपर लागत होतं. इतकी वर्षं न बघता हात मागे केला की हवी ती वस्तू हातात यायची; आता ती वस्तू द्यायची होती, आणि पहिलंच पाकीट ती उलट्या बाजूने फाडायला लागली, ते फाटेना. परिचारक नजर चुकवून हसला. सिस्टरांना अगदी हलकी गुंगी दिली होती, डोळे अर्धे उघडे होते. धाकटी टोकापर्यंत गेली, घडीमागे वळली, बटण दाबलं. चट्टा होता तिथेच होता. धाकटीने कडेकडेने सावकाश फिरून सीमा नक्की केली, मग सुई मागितली. चट्ट्याखाली निळसर द्रव गेला तसं तिथलं अस्तर फोडासारखं वर आलं, आणि आता तारेचा फास त्याच्याभोवती टाकायचा होता. फासाचा दांडा तिच्या हातात होता. उघडा, धाकटी म्हणाली. तिने उघडला. जरा डावीकडे घेते, हं, आता बंद करा, हळू.

बंद करा. हे दोन शब्द तिने अठ्ठावीस वर्षांत किती वेळा म्हटले असतील याचा हिशेबच नव्हता. म्हटले की फास बंद व्हायचा, दिव्याचं बटण दाबलं की दिवा लागावा तसा. आता तिचा अंगठा मागे येत होता आणि पाच हात लांबीच्या तारेतून काहीतरी तळहातापर्यंत पोचत होतं. आधी काहीच नाही, नुसती तारेची सरक. मग मऊपणा, ओली लोकर मुठीत धरावी तसा. मग मऊपणाच्या आत, अगदी पुसटसं, दुसरंच काहीतरी, चिवट, न दबणारं. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. कडा फासात होत्या, चट्टा मधोमध होता, धाकटीचा पाय वीज सोडायच्या पेडलवर होता.

"थांब," ती म्हणाली. "जास्त आलंय. खालचं धरलं गेलंय."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. पडद्यावर तसं काही नव्हतं. पण तिने पाय उचलला. सोडते, असं म्हणून दांडा धरलेल्या तिने फास सैल केला, धाकटीने टोक जरा मागे घेतलं, वर उचललं, हलवलं, आणि तो चिवटपणा तारेतून निघून गेल्याचं तिला कळलं, हातातून कोणी हात काढून घ्यावा तसं. पुन्हा बंद केला तेव्हा मऊच होतं, शेवटपर्यंत. आणि तिला आठवलं की सिस्टर कधीकधी बंद करायला उशीर करायच्या. एक क्षण, दोन क्षण. ती डोळा भिंगाला लावून, नंतर पडद्याला लावून, वाट बघायची. सिस्टर, बंद करा म्हटलं ना, असं ती एकदा रोग्यासमोर खेकसली होती, आणि सिस्टर म्हणाल्या होत्या, हो डॉक्टर, करतेच आहे, जरा पुढे व्हा. तिने टोक पुढे घेतलं होतं. असं किती वेळा झालं असेल? त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं तिला कधी सुचलं नाही, कारण पडद्यावर तर सगळं दिसत होतं.

तारेतून वीज गेली, पांढरी वाफ उठली, चट्टा अख्खा सुटून आला. धाकटीने पाण्याने जागा धुतली. तळ निळसर, स्वच्छ, कुठे भोक नाही, रक्त नाही. प्रयोगशाळेचं उत्तर यायला आठ दिवस लागणार होते, आणि ते काय येईल हे या खोलीत कोणालाच सांगता येणार नव्हतं. टेबलावर हालचाल झाली. सिस्टरांची मान जराशी वळली. त्या पडद्याकडे बघत होत्या की नुसत्याच डोळे उघडे ठेवून होत्या, ते कळत नव्हतं.

"झालं का गं?"

"नाही अजून," ती म्हणाली. "कडा बघतोय."

सिस्टरांनी डोळे मिटले. धाकटीने बटण दाबलं, हिरवट उजेड पुन्हा आला, आणि कापलेल्या जागेच्या कडेने ती एका टोकापासून फिरायला लागली. दांडा अजून तिच्या हातात होता. मग बराच वेळ खोलीत कोणी काही बोललं नाही.